शून्याची टिचकी

पाखरांच्या राखीव किनाऱ्यावर मोजणीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे दुर्बीणकाका म्हणत. गेल्या दोन हिवाळ्यांत त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं उरलं होतं, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. बाकावर ती त्याच्या गुडघ्यावर बोट आपटी. एक टिचकी म्हणजे दहा पाखरं. मग तो मोठ्यानं आकडा सांगे, ती "बरोबर" म्हणे. दोघांची मोजणी जुळली की नोंद पक्की. डोळे तिचे, तोंड त्याचं. यात खोटं काय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. रोज सकाळी हात जोडून तिचं मागणं मात्र एकच: तोंडून खोटं जाऊ नये.

डोळ्यांचं कळलं तर काम जाणार होतं, आणि कामाबरोबर राहती खोलीही.

त्या दिवशी हिवाळ्यातली पहिली मोजणी होती, आणि वारा नुसता पिसाटला होता. निरीक्षणाच्या खोपटात नवी अधिकारीण वही धरून बसली होती.

"काका, मला चिखल कुठला नि पाखरू कुठलं तेच उमगत नाही."

"अहो बाई, पाखरं मोजायला डोळे नाही, बूड लागतं. तासभर एका जागी टेकवता आलं पाहिजे!"

ती हसली. बायको हसली नाही. समोर ओला चिखल पार खडकापर्यंत मोकळा पडला होता. लांब शीळ घालणाऱ्या तुतवारांचे थवे या हिवाळ्यात उतरलेच नव्हते. बोट गुडघ्यावर ठेवून ती तशीच थांबली. शून्याची टिचकी त्यांनी कधी ठरवलीच नव्हती.

बोट हलेना, म्हणजे ही अजून मोजतेय, असं त्याला वाटलं. कानावर तर शीळ येत होती, ओळखीची, लांबलचक.

"किती, काका? बोटं गारठली माझी."

"दोनशे चाळीस," शिळेवर भरवसा ठेवून तो ठासून म्हणाला. "तुतवार."

"काकू, तुमचे?"

'बरोबर' तिच्या जिभेवर आलं होतं. दोन वर्षं तोच शब्द तर ती म्हणत आली होती. पण सकाळी हात जोडून केलेलं मागणं तिला आठवलं.

"एकही नाही," ती म्हणाली.

"अगं, मग ही शीळ?"

"वारा आहे, अहो. कठड्याच्या फुटक्या नळात शिरतोय."

त्यानं दुर्बीण मांडीवर ठेवली. बराच वेळ तो ऐकत राहिला.

"काका," अधिकारीण हळूच म्हणाली, "कुणाचा आकडा लिहू?"

"तिचाच लिहा. आजवरचे सगळे तिचेच होते."

पेन थांबलं. बायकोचं बोट अजून गुडघ्यावरच होतं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं, आता लपवायचं काही नसल्यासारखं.