दहावी होऊन जाऊ दे

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. अंग लाल, बटणं काळी. त्यातलं पाचाचं बटण हल्ली दाबलं की दाबलेलंच राहतं. शहाण्णव साली मी गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आलो. मला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले आणि अंगावर क्रोशाचा रुमाल टाकला. निम्म्या बिल्डिंगने माझा नंबर 'पीपी', म्हणजे निरोपासाठी शेजारचा नंबर, म्हणून आपापल्या पाहुण्यांना देऊन टाकला होता. वरच्या मजल्यावरच्या सिंधुबाईंचे फोन तर घरच्यांपेक्षा जास्त! तेव्हा माझा रुबाब होता.

पुढे घरचे किशोरराव अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून न्यूझीलंडला गेले. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. पहिल्याच घंटेला मंगलाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला उचलायच्या. त्यांची लेक मोहिनी तेव्हा नववीत होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी किशोरराव म्हणाले, "कागदपत्रं झालीत. इथली शाळा फेब्रुवारीत सुरू होते. तेव्हाच या दोघी."

"नववी अर्धवट टाकून? काहीतरीच काय!" मंगलाबाई म्हणाल्या. "दहावी होऊन जाऊ दे. बोर्डाचा शिक्का बसला की पोर कुठेही उभी राहील."

"अगं, इथे बोर्ड कोण विचारतंय? वय बघून वर्ग देतात. उशिरा आली तर सगळ्यांचे विषय निवडून झालेले असतील."

"आणि नाही जमलं, परत यावं लागलं तर? ना इथली दहावी, ना तिथलं काही. मग काय करायचं तिने?"

असं कितीतरी रविवार चाललं. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं. मोहिनी शेजारच्या टेबलाशी भूमिती घेऊन बसलेली असायची, पण तिचं सगळं लक्ष आमच्याकडे. तिला कुणी काही विचारलं नाही. मला याचा फार राग यायचा.

शेवटी मंगलाबाईंचंच चाललं. दहावीचं वर्ष लागलं तशी केबल काढली, 'यंदा मोहिनीची दहावी आहे' असं सांगून पाहुणे बंद केले आणि मला उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं. अभ्यासात व्यत्यय नको! माझ्या अंगावर फोडणी उडायला लागली. वडील आणि लेकीचं बोलणं "बरी आहेस ना? अभ्यास कर" एवढ्यावर आलं.

मोहिनीला शहाऐंशी टक्के पडले. जुलैत ती एकटीच पुढे गेली. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून मंगलाबाई मागे राहिल्या. मग तिचा फोन आला.

"आई, मॅडमनी मार्कशीट बघितली, छान म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. इथलं अर्धं वर्ष होऊन गेलंय. फेब्रुवारीत पुन्हा याच वर्गात बस म्हणतायत. माझ्या वयाच्या सगळ्या मुली पुढे जातील."

मंगलाबाई ओट्याला टेकल्या. म्हणाल्या, "तुला तेव्हा काय वाटत होतं गं?"

"तेव्हाच जायचं होतं. बाबांकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"फोन तुझ्याकडे असायचा ना, आई."

मंगलाबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

मित्रांनो, मोठी माणसं मुद्दाम असं करत नाहीत. त्यांना विचारायचं सुचतच नाही. माझ्यावरची धूळ तुम्ही नाही पुसलीत तरी मी चालवून घेईन. पण तुमच्या शाळेचं घरात ठरत असेल, तर उठा आणि रिसीव्हर मागून घ्या.