भोंगानगरीचा चौथा भाग

पुस्तक फाटल्याचा आवाज सगळ्या वाचनालयाला ऐकू गेला. पुढचा अर्धा भाग वच्छलाच्या हातात राहिला, मागचा बुधरीच्या. दोघींनी एकदम भैयाजींकडे पाहिलं.

"आता?" भैयाजींनी विचारलं.

"आता दोघीयले संगच वाचता येते, काकाजी," वच्छला म्हणाली.

मूल तालुक्यातल्या त्या भातगिरणीच्या गावात भैयाजी ग्रंथपाल होते. म्हणजे कुलूप उघडणारे, झाडू मारणारे आणि वर्तमानपत्राला काठी लावणारेही तेच. संतचरित्रांना त्यांनी हौसेनं खाकी कव्हरं घातली होती. ती चरित्रं कोणी नेत नसल्यामुळे कव्हरं अजून कोरी होती. आणि ही 'भोंगानगरी' नावाची कादंबरी, नागपूरच्या कोणीतरी घर आवरताना दान केलेली, तिच्यावर आठवी-नववीची मुलं तुटून पडली होती.

वच्छलाचं म्हणणं मात्र त्यांना पटलं. त्यांनी खळ शिजवली, दाभण काढलं आणि पुस्तकाचे चार भाग शिवले. त्यातून निराळाच घोळ झाला. ज्याच्या हाती जो भाग लागेल तो तेवढाच वाचून मोकळा होई. एक मुलगी तिसऱ्या भागातल्या म्हातारीसाठी दोन दिवस रडली आणि मग पहिल्या भागात तीच म्हातारी चुगलखोर निघाल्यावर आपले अश्रू वाया गेले म्हणून चिडली.

कथा होती इसवी सन एकवीसशेमधली. लोखंडी छताखालचं शहर, त्यावर राज्य भोंगाधीश राजाचं. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं, हसायचंसुद्धा भोंग्यावर. भलत्या वेळी हसला तर कैद. 'का' हा शब्द तोंडातून निघाला तरी कैद. तीन मुलं तिथून निसटून जंगलात पळतात.

बुधरी वसतिगृहात राहणारी, भामरागडकडच्या जंगलातली. घरी गोंडी बोलायची, मराठी बोट ठेवून वाचायची. तिला हे पळून जाणं काही पटलं नव्हतं.

"जंगलात जाऊन रडून राह्यले ते," ती म्हणाली. "तिथी मोह पडला असन, टेंभरं असन खायाले. रडाले काय झालं?"

"अन् राजा बी येडाच आहे," वच्छला म्हणाली. "त्यानं 'का'वर बंदी घातली. आपल्या 'काऊन'वर कुठी घातली?"

या पोरकटपणाकडे भैयाजींनी दुर्लक्ष केलं असतं. पण एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष सोमाजी तणतणत आले. गावातली भातगिरणी त्यांची, आणि वच्छला त्यांचीच मुलगी.

"भैयाजी, माह्या गिरणीचा भोंगा वाजला का हे पोट्टे रस्त्यात उभे राहून हासतेत," ते म्हणाले. "भोंगा बंद झाला तरी हासूनच राह्यतेत. मले भोंगाधीश म्हणतेत. माही पोरगी सगळ्यात पुढं. बुधवारच्या मिटिंगीत ते पुस्तक आणा, त्यातलं वाईट काय ते वाचून दाखवा, मंग जाळून टाकू."

भैयाजी मान डोलावून बसले. अडचण एवढीच होती, की त्यांनी पुस्तक वाचलेलंच नव्हतं.

त्यांनी हाती आले ते तीन भाग गोळा केले आणि वाईट ते शोधायला पेन्सिल घेऊन बसले. दुपार टळली, डबा तसाच राहिला, पेन्सिल कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. त्या शहराच्या वेशीवर एक दारवान होता. किल्ली त्याच्याच कमरेला, पण जन्मभरात त्यानं दार एकदाही उघडलेलं नव्हतं. भैयाजींना तो माणूस उगाचच आवडला नाही.

संध्याकाळी वच्छला आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "इतकं वाईट राज्य, त्यात तुमाले मजा कायची वाटते?"

ती म्हणाली, "त्यातल्या मोठ्या मानसायले काईच समजत नाई, काकाजी. पोरायले समजते. अन् शेवटी ते कोनाले तरी 'काऊन' इचारतेतच." मग खाली बघत म्हणाली, "माह्यं लगन जमवून राह्यले. परीक्षा झाली का उरकतेत. म्या आईले इचारलं काऊन, तं आई म्हणे चूप."

 भैयाजींनी उगाच टेबल पुसलं.

बुधवारी समिती जमली. भैयाजींनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. "वाईट तेवढंच वाचा," कोणीतरी म्हणालं. "मागचं सांगतल्याशिवाय वाईट समजनार नाई," भैयाजी म्हणाले आणि वाचत राहिले. चहा निवून त्यावर साय आली. गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा सोमाजींनी त्यालाच गप्प करायला हात वर केला, जणू कोणी मध्ये बोलत होतं. दारवानानं कमरेच्या किल्लीला हात लावला, तिथे तिसरा भाग संपला.

"मंग?" सोमाजी म्हणाले.

"चवथा भाग तुमच्या घरी आहे. वच्छलाजवळ."

जाळण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुस्तक पुरं ऐकल्याशिवाय जाळणं बरं नव्हे, असं सर्वांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी सोमाजी आले ते पायऱ्यांवरच थबकले. चेहरा झोप न झाल्यासारखा.

"तिनं भाग देल्ला नाई," ते म्हणाले. "म्हणे, पह्यले सांगा बाबूजी, माह्यं लगन यंदाच काऊन?"

"मंग काय सांगतलं?"

"सांगाले लागलो. पोरगं चांगलं आहे म्हणलं. पोरगी म्हणे, असन, पन यंदाच काऊन?" सोमाजींनी टोपी काढून हातात धरली. "मले सांगताच नाई आलं, भैयाजी. सकाळी पोरावाल्यायकडं मानूस धाडला. मॅट्रिक होऊ द्या म्हणलं."

भैयाजींनी त्यांना आत बाकावर बसवलं आणि माठातलं पाणी आणलं.

"अन् आता वच्छला म्हणते, भाग बुधरीले देल्ला," सोमाजी म्हणाले. "तेवढा मागून द्या मले. अध्यक्ष आहो मी."

 भैयाजींचा पगार याच माणसाच्या सहीनं निघायचा. तरी ते म्हणाले, "बुधरीचं झालं का माहा नंबर आहे, सोमाजीभाऊ. मंग तुमचा."

सोमाजींनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

चौथा भाग मांडीवर घेऊन बुधरी समोर चटईवर बसली होती. ओठ हलवत, शब्दाखाली बोट सरकवत. बाहेर धानाची एक बैलबंडी करकरत गेली. सोमाजी खाकरणार होते, पण त्यांनी खोकला गिळला. बोट ओळीच्या शेवटाला पोचलं, थांबलं, आणि बुधरी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.