अर्धा गुण

“बरोबरी?” सिस्टरने हत्ती एक घर मागे घेतला, बरोबरी विचारली, घड्याळाची कळ दाबली आणि मगच तिला आपली चूक दिसली.

समोर बसलेल्या शाळेतल्या बाईंचं प्यादं वजीर व्हायला दोनच घरं उरली होती. आता काही खरं नाही, हरण्यापेक्षा अर्धा गुण बरा, म्हणून तिने घाबरून विचारलं होतं. पण हत्तीने सोडलेल्या घरात पुढच्या खेळीला तिचा घोडा उडी घेऊ शकत होता. राजाला शह, आणि त्याच उडीत बाईंचा वजीर गारद! त्यांनी आधीच वजीर हलवला, तर प्यादं पडणार होतं. डाव सिस्टरचाच होता. पण एकदा विचारलेली बरोबरी मागे घेता येत नाही. बाईंनी नाही म्हटलं किंवा खेळी केली, तरच ती मोडते.

एकोणीस वर्षं हॉस्पिटलातल्या पाळ्या बदलून, रजा साठवून ती या स्पर्धेला येत होती. तीनदा दुसरी आली, करंडक एकदाही नाही. आज दोघींपैकी जी जिंकेल तिचा करंडक. बरोबरी झाली तर आधीच डाव संपवून बसलेल्या कॉलेजच्या मुलीचा. म्हणजे बाईंनाही बरोबरी नकोच होती.

‘ढकल गं ते प्यादं, ढकल,’ सिस्टर मनात म्हणत होती. चेहरा मात्र कोरा. वाईट रिपोर्ट हातात असतानाही ती नातेवाइकांना “जेवलात का?” विचारायची, ताकास तूर लागू द्यायची नाही.

बाईंचं बोट प्याद्यापर्यंत गेलं आणि थबकलं. त्यांनी मान वर करून सिस्टरकडे पाहिलं. मग परत पटात डोकं घातलं. अकरा मिनिटं सिस्टर जीव मुठीत धरून बसली होती.

“बरोबरी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

मागे ती मुलगी आनंदाने किंचाळली. पंचांनी सह्या घेतल्या.

“कधी दिसलं तुला?” सिस्टरने विचारलं.

“दिसलं नव्हतंच गं. खेळी केली की तू उठून फेरी मारतेस. आज खुर्चीला चिकटून बसलीस. म्हटलं, काहीतरी शिजतंय. मग शोधत बसले, तेव्हा घोडा दिसला.”

“चेहऱ्यावर तर काही नव्हतं ना?”

“छे! चेहरा नेहमीसारखाच, दगड.”

बाई पिशवी उचलून गेल्या. सिस्टर उठली. हात पाठीशी बांधून तिने रिकाम्या टेबलांमधून नेहमीची फेरी मारली, सावकाश, शेवटच्या टेबलापर्यंत. परत आली तोवर पंचांनी पट गुंडाळून ठेवला होता.