ऋजुताआत्याचा रुमाल

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही गुंजनच्या जागी आहात. रायस्वाइक या गावी तिचा राघवकाका वारला. नेदरलँड्सच्या कायद्याने अस्थी महिनाभर दहनगृहातच ठेवायच्या, पण आज दहावा, अस्थी पाण्यात सोडायचा दिवस. दहनगृहाच्या अधिकाऱ्याने गुंजन आणि तिच्या आत्यासमोर कलश नुसता पाहायला ठेवला आणि तो कागद आणायला गेला. तेवढ्यात ऋजुताआत्याने भावाच्या चिमूटभर अस्थी रुमालात बांधल्या.

अधिकारी परतला. कलशाचं झाकण तिरकं दिसताच त्याने गुंजनला डचमध्ये विचारलं, “तुझ्या आत्याने काही घेतलं का?”

“नाही म्हण गं,” आत्या पुटपुटली. “दादाचा दहावा चुकेल.”

 गुंजन आत्याचा हात घट्ट धरून अधिकाऱ्याला म्हणाली, “हो, घेतलं. तिच्या भावाचं आहे. आम्ही परत देणार नाही.”