दादांची खुर्ची

ढगवाला कुठल्याही कीबोर्डला हात लावण्याआधी खिशातून ओला सुगंधी कागद काढायचा आणि बटणं पुसून घ्यायचा. आमच्या बोटांची घाण त्याला नको असे. पुसून काळा झालेला कागद मात्र तो तिथेच टेबलावर टाकून पुढे जायचा. आमच्या पंपांच्या कारखान्यात तो वावरला तेवढे दिवस जाईल तिथे असे कागद सांडत गेला. त्या वासाने मला मळमळायचं. पण मला पुष्कळ गोष्टींनी मळमळतं, म्हणून मी कुणाला बोललो नाही.

आमचा जुना प्रोग्राम बंद करून सगळा कारभार क्लाउडवर न्यायला त्याला बोलावलं होतं, म्हणून तो ढगवाला. जुना प्रोग्राम थोरल्या साहेबांनी एकदाच विकत घेतलेला. जिन्याखालच्या खोलीत एक कॉम्प्युटर घरघरत असे, त्यात तो होता आणि तो आमचा होता. आता माणशी दरमहा वर्गणी भरायची. एका माणसाच्या परवान्याला ढगवाला सीट म्हणे. आम्ही खुर्ची म्हणू लागलो.

मी तिथे पंपांची माहितीपुस्तकं लिहितो. निवृत्तीचं वय उलटलं तरी कुणी जा म्हटलं नाही, म्हणून येत राहिलो. बगलेत कायम पुस्तक असतं, त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात. शिकवलं मी कुणालाच नाही.

खुर्च्या वाटण्यासाठी धाकट्या साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. थोरले साहेब आता घरी असतात. धाकटे, त्यांचे चिरंजीव, बाहेर शिकून नुकते परतलेले. जुन्या प्रोग्रामात कुणी किती काम केलं, त्यावरून ढगवाल्याने यादी काढली होती. ती भिंतीवर झळकली. पहिलं नाव होतं, दादा.

"वा!" ढगवाल्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. "हे दादा कोण? अख्ख्या कंपनीत एवढं काम कुणाचंच नाही! सर, यांचा फोटो आम्ही आमच्या वेबसाइटवर लावू."

"पुढे बोलवा ना त्यांना," धाकटे साहेब म्हणाले.

सगळ्यांनी मागे पाहिलं. मागच्या भिंतीला टेकून वहिनी उभ्या होत्या. त्या दादांच्या बायको. यादीत सगळ्यात खाली त्या होत्या आणि पुढे लिहिलं होतं, वापर शून्य.

दादा आमचं स्टोअर सांभाळत. काही वर्षांपूर्वी छातीत दुखतंय म्हणाले आणि स्टोअरमध्येच गेले. त्यांच्या जागी थोरल्या साहेबांनी वहिनींना घेतलं, नवीन खातंही काढून दिलं. पण वहिनी पहिल्या दिवसापासून दादांच्याच खात्यातून काम करत. पासवर्ड त्यांना ठाऊक होता, कारण तो त्यांच्या माहेरच्या नावाचा होता. खातं उघडलं की पडद्यावर यायचं, 'नमस्कार, दादा.' दादांनीच गमतीने ते तसं करून ठेवलं होतं. वहिनी रोज सकाळी त्या अक्षरांना मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या. हे चुकीचं आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सभेत बोलणं हा माझा प्रांत नव्हे. माझं वाक्य मध्येच मोडतं. तरी उठलो.

"दादा नाहीत," मी म्हणालो.

"रजेवर आहेत?" ढगवाल्याने विचारलं.

"वारले. ते सगळं काम... म्हणजे त्यानंतरचं... वहिनींचं आहे."

ढगवाल्याने तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. तो ओला आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला.

"सो सॉरी, मॅम. पण मग प्रॉब्लेम आहे. दुसऱ्याच्या सीटवर काम करणं करारात बसत नाही. आणि सीट्स मोजून घेतल्यात. एक तर दादा, नाहीतर तुम्ही."

"एखादी वाढवून घेऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

"यंदा नाही," धाकटे साहेब फोनमधून डोकं न काढता म्हणाले. "वहिनी, संध्याकाळपर्यंत दादांची सीट रिकामी करा. नाही जमलं तर स्टोअरचं काय ते बघावं लागेल."

'बघावं लागेल' याचा अर्थ आमच्याकडे दारावरच्या वॉचमनलाही कळतो.

"तुम्हीच टाका ना करून," मी ढगवाल्याला म्हटलं.

"आम्हाला तो हक्क नाही, काका. ज्याची सीट त्यानेच सोडायची. प्रायव्हसी असते प्रत्येकाची." आणि तो हसला. स्वच्छ, एकसारखे दात होते त्याचे.

दुपारी वहिनींनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. "मास्तर, नुसतं शेजारी बसा. एकटीने नाही व्हायचं माझ्याच्याने."

ग्रीसच्या डब्यांच्या आणि रबरी रिंगांच्या मांडण्यांच्या मध्ये आम्ही बसलो. टेबलावर ढगवाल्याचा कागद वाळून कडक झाला होता. यादीवरून दादांचं खातं ढगवाल्याने जुन्या पासवर्डसकट क्लाउडवर आधीच चढवलेलं होतं. वहिनींनी ते उघडून 'खातं बंद करा' दाबलं.

'दादा, तुम्ही खरंच जाताय?' पडद्याने विचारलं. शेजारी एक पिवळा रडका चेहरा, डोळ्यातून निळा थेंब गळणारा.

वहिनींनी 'हो' दाबलं.

'थांबा! खास तुमच्यासाठी: तीन महिने अर्ध्या दरात.' खाली मोठं हिरवं बटण, 'मी राहतो'. त्याखाली बारीक, करड्या अक्षरांत, 'नको, मी जातो'.

वहिनींचा हात हिरव्या बटणावर जाऊन थांबला. शेवटी त्यांनी करड्या अक्षरांवर टिचकी मारली, डोळ्यांत गेलेलं कुसळ काढावं तशी, जपून.

मग कारण विचारलं. महाग वाटतं. वापरायला अवघड. दुसरीकडे चांगली सेवा मिळाली. इतर.

"'दुसरीकडे चांगली सेवा मिळाली'," वहिनींनी मोठ्याने वाचलं आणि फसकन हसल्या. "मिळाली असेल हो. माझ्या हातच्या जेवणाला नावंच ठेवायचे."

त्यांनी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'वारले'. लगेच लाल अक्षरं उमटली, 'कारण फार छोटं आहे. कृपया सविस्तर लिहा.'

"मास्तर, तुम्ही एवढं वाचता. सांगा ना, काय लिहू?"

जन्मभर वाचलेलं मी चाचपून पाहिलं. एक धड ओळ हाताला लागली नाही. माझ्या अंगावर शहारा आला तो दुःखाचा नव्हता. गटारात पाय पडल्यावर येतो तसा होता.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या. 'ते कधीच गेले. तेव्हापासून मीच करतेय. आता माझ्या नावाने करीन.'

एवढ्याने पडद्याचं समाधान झालं. 'दादा, तुमची आठवण येईल. कधीही परत या!'

वहिनींची खुर्ची वाचली. सकाळी नवीन पडदा म्हणू लागला, 'नमस्कार, यूजर.' त्या त्याला मान हलवत नसत.

पुढच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना क्लाउडच्या कंपनीचा एक मेल आला. त्यात दादांचा ओळखपत्रावरचा फोटो होता, जुन्या प्रोग्रामातून उचललेला, आणि भोवती रंगीत फुगे. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या टीमला दादांची उणीव भासतेय? दादांना परत आणा! पहिला महिना मोफत.'

वहिनींनी बघायच्या आत तो पुसून टाकावा म्हणून मी स्टोअरकडे जवळजवळ धावलो. त्यांनी तो उघडलेला होता.

"यंत्र पाठवतं ते, वहिनी," मी धापा टाकत म्हणालो. "माणसं नाही पाठवत."

"पहिलाच महिना फुकट देतायत," वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पुढचे मी भरले असते की हो, मास्तर."

खिडकीत एक फिटर वॉशर मागायला उभा होता. वहिनींनी मांडणीवरून वॉशर काढून दिले, पडद्यावर दादांच्या फोटोशेजारी नोंदीचं पान उघडलं आणि आपल्या नावाने नोंद केली. टेबलावर अजून पडलेला ढगवाल्याचा कागद मी कचऱ्यात टाकला आणि नळावर जाऊन हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. तो सुगंध जाईना.