मुक्त गोठा

पुणं सोडून उचगावच्या जुन्या शेतावर राहायला आल्यावर जिनेंद्रने पहिलं काम केलं ते म्हणजे गजराचं घड्याळ उचलून ज्वारीच्या डब्यात टाकलं. विमा कंपनीच्या नोकरीत त्याची उभी जवानी गजराने खाल्ली होती. आता नोकरीला रामराम ठोकला होता. आता कोंबडा आरवेल तेव्हा उठायचं, असं त्याने जाहीर केलं. घर जैनाचं, त्यामुळे कोंबडा पाळायचा प्रश्न नव्हता. साहजिकच उठायचाही प्रश्न मिटला.

कोंबड्याच्या जागी बापूसोची फटफटी होती. बापूसो म्हणजे जिनेंद्रचा बालमित्र. शाळेत एका बाकावर बसून दोघांनी मिळून एकच पाटी फोडलेली. डेअरीला दूध घालून तो रोज पहाटे जिनेंद्रच्या शेतावरून घरी परते. फाटकाशी आला की गाडी हळू करी, दोनदा मूठ पिळून मोठ्ठा आवाज काढी आणि मग पुढे जाई. गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी त्याने कधीच काढून टाकली होती, त्यामुळे या आवाजाने पत्र्यावरची कबुतरंसुद्धा उठून बसत.

"ऐकलंस?" जिनेंद्र अर्धवट झोपेत बायकोला म्हणे. "न चुकता. पुण्यात शेजारचा माणूस लिफ्टमध्ये भेटला तरी मोबाइलमध्ये तोंड घालायचा. इथे माणूस कामावरून जाता जाता दारावरून रामराम करून जातो."

"रामराम जरा हळू केला तरी पोचेल म्हणावं," त्रिशला कूस बदलून म्हणे.

पण जिनेंद्रला तो आवाज ऐकून जी झोप लागे, तशी पुण्यात कधी लागली नव्हती. जगात आपलं कोणीतरी जागं आहे, या भरवशावर लागलेली ती झोप होती. सात वाजेपर्यंत टिकायची.

त्याला इथे आणलं ते बापूसोनेच. वर्षानुवर्षं फोन करून त्याचं एकच पालुपद. "ये रं जिन्या. रान नुसतं पडून हाय. काय ठेवलंय त्या पुण्यात? हितं मी हाय की!" त्या 'मी हाय की'वर जिनेंद्रने राजीनामा लिहिला. बॉसने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मित्राने बोलावलंय." बॉसने राजीनामा पुन्हा एकदा वाचून बघितला होता.

त्रिशला शाळेत शिकवायची. तिने दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा काढली आणि एकच अट घातली. "मला बाकी काही नको. दिवाळीपर्यंत घरच्या म्हशीचं दूध घराला पुरलं पाहिजे. दुकानातून दुधाची पिशवी आणावी लागली नाही, तर फ्लॅट विकू आणि इथेच राहू. नाहीतर भाऊबीज करून आपण परत पुण्याला."

घरात माणसं दोन आणि म्हैस एक. अट इतकी सोपी होती की जिनेंद्रला बायकोची दया आली.

म्हैस बापूसोनेच विकत दिली. गोठ्यातली सगळ्यांत चांगली दिली, हे अख्ख्या उचगावने मान्य केलं. तिचं नाव बिजली. जिनेंद्रने ते बदलून शांती ठेवलं. ती दोन्ही नावांना ओ देत नसे. पुण्यातल्या एका कार्यशाळेत जिनेंद्रने मुक्त गोठ्याबद्दल ऐकलं होतं. जनावराला बांधायचं नाही, कुंपणाच्या आत मोकळं सोडायचं, म्हणजे ते आनंदात राहतं. गावात हे कोणाला पटणार नाही अशी त्याला धास्ती होती. पण बापूसोने ऐकताक्षणी मांडीवर थाप मारली.

"एक नंबर! बांधायचं कशाला मर्दा? ते काय गुन्हेगार हाय? थांब, फाटक मी बसवून देतो."

आणि खरंच, दिवसभर खपून त्याने फाटक बसवून दिलं. आतून काय, बाहेरून काय, ढकललं की उघडायचं, सोडलं की आपोआप लागायचं. जिनेंद्रने त्या फाटकापाशी मित्राबरोबर फोटो काढला आणि पुण्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माती आणि माणसं'.

सगळं छान जमलं. फक्त म्हैस दूध देईना.

म्हणजे द्यायची, पण पाहुण्याला चहापुरतं वाढावं तसं. सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी त्याहून वाटीभर कमी. संध्याकाळी दोघं लवकर जेवून गावातल्या मंदिरात आरतीला जात. तेव्हाही बापूसो म्हणे, "जावा निवांत. मी हाय की, लक्ष ठेवतो." परत येऊन धार काढायला बसलं की कास सैल पडलेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की म्हैस ठणठणीत आहे, जागा बदलल्याचा ताण असेल. ताण या शब्दाने जिनेंद्रला गहिवरून आलं, कारण तो स्वतःही त्याच दुखण्यातून उठला होता. त्याने गोठ्यात बासरी लावली.

"बासरी ऐकून रवंथ फार छान करते," आठवड्याने त्रिशला म्हणाली. "दुधाचं काय ते बघा."

"सकाळी उठून बसू का तिच्याजवळ?" जिनेंद्रने बापूसोला विचारलं.

बापूसो कळवळला. "उठतोस कशाला रं? पुण्यात जन्मात झोपला न्हाईस. झोप लेका. जनावर हाय, रुळंल हळूहळू."

असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं जिनेंद्र म्हणाला. त्रिशला दुकानात गेली आणि दुधाची पिशवी पदराखाली धरून निघाली. दुकानदाराने चारचौघांत विचारलं, "काय वैनी, म्हस आटली व्हय?" दिवाळी तोंडावर आली तशी ती पुण्याला न्यायचे डबे वेगळे काढू लागली. डब्यांचा आवाज तसा बारीकच होता. जिनेंद्रला तो फटफटीपेक्षा मोठा ऐकू यायचा.

पाडवा उजाडला. पाडव्याला या भागात म्हशींचा दिवस असतो. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी कातरायची, गळ्यात घुंगुरमाळा घालायच्या आणि मालकाने गाडी पळवायची. म्हैस गर्दीतून, हलगीच्या कडकडाटातून, नेमकी आपल्याच मालकाच्या गाडीमागे धावत येते. जवळच्या शहरातही कसब्यापासून गंगावेशीपर्यंत म्हशींना गाडीच्या आवाजाची अशी सवय लावलेली असते की शंभर गाड्यांत त्या आपली ओळखतात.

जिनेंद्र शांतीला मोरपिसं लावून चौकात घेऊन आला. पुढे स्वतः विजेच्या स्कूटरवर. ही स्कूटर त्याने पर्यावरणासाठी घेतली होती आणि तिचा आवाज अजिबात येत नसे. तो चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शांती होती तिथेच उभी राहून शेजारच्या म्हशीच्या गळ्यातली झेंडूची माळ खात होती.

"ओ पावणं!" पंचांच्या खुर्चीवरून गणपतराव ओरडले. गावात जन्मलेल्या जिनेंद्रला ते आल्यापासून पावणंच म्हणत. "गाडी चालू करा की!"

"चालूच आहे!"

चौक हसला. त्रिशलाही हसली, पण नवऱ्याकडे न बघता. भाऊबीज उद्यावर होती. आज एवढी एक गोष्ट जमावी, एकदा तरी ही म्हैस सगळ्यांदेखत आपल्यामागे यावी, मग जे व्हायचं ते होवो, असं जिनेंद्रला वाटून गेलं.

"बापू, तुझी गाडी दे."

बापूसो पानाच्या टपरीआड उभा होता. "गाडी? गॅरेजला हाय रं."

"सकाळी माझ्या दारावरनं गेलास की बोंबलत," गणपतराव म्हणाले.

"हो, मीसुद्धा ऐकली," जिनेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला.

"जड हाय ती. तुला झेपायची न्हाय."

"दे की रं," गणपतराव म्हणाले. "दोस्त हाय न्हवं तुझा?"

बापूसोने किल्ली दिली. देताना त्याने जिनेंद्रकडे बघितलं नाही, पण जिनेंद्रच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. त्याने किक मारली आणि मूठ पिळली, रोज पहाटे ऐकलेली तशीच, दोनदा.

शांतीने तोंडातला झेंडू टाकला.

कान उभे केले, शेपटी वर केली आणि शिंगं रोखून निघाली. लोक बाजूला झाले. जिनेंद्रने गाडी सोडली, आणि आरशात बघतो तर ती काळीभोर, मोरपिसं लावलेली म्हैस त्याच्यामागे उधळत येत होती. शिट्ट्या पडल्या. हलगीवाल्याला चेव आला. जिनेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आलो, आपण घरी आलो.

पिंपळाच्या वळणावर तो सरळ गेला. शांती डावीकडे वळली.

तिथे बापूसोची गल्ली होती. जिनेंद्रने गाडी फिरवली. मागून चौकातली निम्मी माणसं मजा बघायला पळत आली, त्यांत त्रिशलाही, आणि सगळ्यांच्या मागे बापूसो. सगळे बापूसोच्या घरामागच्या परड्यात घुसले तेव्हा शांती गोठ्यात एका खुंट्याजवळ शिस्तीत उभी होती. समोर पेंडीची पाटी होती. तिने पाटीत तोंड घातलं होतं, आणि तिच्या सडांतून आपसूक थेंब गळत होते.

उंबऱ्यावर बापूसोची आई चिमणाबाई बसली होती. तिला दिसायचं कमी, पण घुंगरांचा आवाज तिने ऐकला.

"आलीस व्हय गं?" ती कौतुकाने म्हणाली. "सकाळच्याला तर येऊन गेलीस की. आता दुपारची बी व्हय? बापू, हिची धार काढ रं. किती पान्हावलीया बघ."

मग गणपतरावांनी घसा साफ केला.

"बापू, म्हस इकलीस का भाड्यानं दिलीस?"

मग जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. लोक हसत हसतच चौकाकडे परतले, कारण अजून बऱ्याच म्हशी पळायच्या होत्या. परड्यात तिघं उरली, आणि उंबऱ्यावर चिमणाबाई, आपण असं काय विनोदी बोललो याचा विचार करत.

जिनेंद्र खुंट्याकडे बघत होता. म्हैस विकून पाच-सहा महिने झाले होते, तरी खुंटा होता तिथेच होता. त्याला दावं बांधलेलं होतं. दावं नवं कोरं होतं.

"फाटक तू बसवून दिलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"बांधू नको म्हणालास. झोप म्हणालास."

बापूसो पेंडीच्या पोत्यावर बसला. "दुधाचं मनाला लावून घेऊ नगोस जिन्या. तुमच्यापुरतं ठेवतच हुतो की मी रोज."

"आमच्यापुरतं नव्हतं भावजी," त्रिशला म्हणाली. "मी पिशव्या आणत होते."

"दूध ने रे. सगळं ने," जिनेंद्र म्हणाला. "मागितलं असतंस तर मीच आणून घातलं असतं. पण कशाला?"

बापूसोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चोरी पकडल्यावर माणूस जसा आवाज चढवतो, तसा त्याने चढवला नाही. समजावणीच्या सुरात बोलला, आणि तेच वाईट झालं.

"आता तूच सांग. तू काय ऱ्हाणार व्हय हितं? दिवाळी झाली की वैनी तुला न्हेणार, ह्ये समद्या गावाला ठावं हुतं. मग म्हस परत माझ्याच दावणीला. मधल्या टायमात तिची सवय मोडली असती तर? माझी बी पंचाईत, तिची बी पंचाईत."

"पण बोलावलंस तूच. ये ये म्हणून."

"म्हणायचो की." बापूसो खरोखरच गोंधळला होता. "समदीच म्हणत्यात, ये म्हणून. कोण येतंय व्हय?"

बॉसला काय उत्तर दिलं होतं, ते जिनेंद्रला आठवलं.

त्रिशलाने खुंट्याचं नवं दावं सोडलं, म्हशीच्या गळ्यात घातलं आणि म्हशीला घेऊन निघाली. जिनेंद्रने फटफटीची किल्ली चिमणाबाईच्या हातात दिली.

"जेवून जा की रं जिन्या," ती म्हणाली. "पाडवा हाय."

"नंतर येतो काकू," तो म्हणाला. असंच म्हणतात.

घरी आल्यावर त्रिशलाने ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून घड्याळ काढलं आणि फुंकर मारून उशाशी ठेवलं. शांतीला फाटकापासून लांब, लिंबाच्या झाडाला बांधलं.

भाऊबीजेच्या पहाटे गजर झाला तेव्हा जिनेंद्र आधीच जागा होता. चरवी घेऊन तो म्हशीखाली बसला. कास टम्म होती, पण धार येईना. त्याने पेंड घातली, पाठीवरून हात फिरवला, शांती म्हणून हाक मारली, बिजली म्हणूनही मारली. म्हैस फाटकाकडे तोंड करून, कान उभे करून खांबासारखी उभी होती. त्रिशला कंदिलाजवळ हाताची घडी घालून बघत होती. डबे ओट्यावर बांधून तयार होते.

मग रस्त्यावर पावलं वाजली. पावलांबरोबर चाकांची कुरकुर, आणि दुधाच्या रिकाम्या किटल्या एकमेकींवर घासत होत्या. कोणीतरी गाडी बंद करून हाताने ढकलत नेत होतं, हळूहळू, दम खात. फाटकाशी पावलं जरा थबकली. जिनेंद्र उठला नाही. पावलं पुढे गेली.

बऱ्याच वेळाने, दूर वळणाच्या पलीकडे, फटफटी सुरू झाली.

शांतीने मान उचलली. जिनेंद्रचीही उचलली गेली. आणि त्याच्या बोटांत धार आली. पहिली, दुसरी, मग तुटेचना. चरवी भरली, तेव्हा त्रिशलाने दुसरी आणून दिली.

"पुरलं की हो," ती हळूच म्हणाली, आणि डबे सोडायला आत गेली.

जिनेंद्र बसूनच राहिला. आवाज पार मिटेपर्यंत म्हैस आणि तो, दोघंही त्याच दिशेला कान लावून होते.