विटांच्या भिंतीवरचा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. पण मला उघडायला मात्र येऊ नका. माझ्यामागे खोली नाही, अंगण नाही, रस्ता नाही. नुसती विटांची भिंत आहे आणि तिच्यावर मला सहा स्क्रूंनी पक्कं बसवलंय. एका छोट्या बागेच्या टोकाला मी उभा आहे, ती बाग मोठी वाटावी म्हणून.

जन्मतः मी असा नव्हतो. एका म्हाताऱ्या सुताराने मला शिंप्याच्या दुकानासाठी घडवलं. "दार कसं, एका बोटाने उघडलं पाहिजे," असं म्हणत त्याने माझ्या बिजागऱ्या तीनदा काढून पुन्हा बसवल्या. दुकानात मी दिवसातून शंभरदा उघडायचो. कुणी पायाने ढकलायचं, कुणी कडेवर पोर घेऊन खांद्याने. मी कुरकुरायचो. आज वाटतं, कशाला कुरकुरलो!

पुढे ती इमारत पाडली. मी भंगारवाल्याच्या आवारात ऊन-पाऊस खात पडलो. तिथून मला एका रंगाऱ्याने उचललं. हा घरं रंगवणारा रंगारी नव्हे, नाटकांचे पडदे रंगवणारा. उभा जन्म त्याने वीस फुटांच्या रंगमंचावर अरण्यं आणि राजरस्ते उभे केले होते. आता तो निवृत्त झाला होता आणि त्याच्या घरामागे बारा फूट रुंद, चोवीस फूट लांब अशी एक मोकळी जागा होती.

त्याची बायको पोस्टात होती. एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं तिने. कुठल्या घरची बेल बिघडलीय, कुठल्या घरचं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं तिला पाठ. घरात बसणं तिला ठाऊकच नव्हतं. आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच ती ओल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर धरून स्वयंपाकघरापासून मागच्या पायरीपर्यंत, एवढंच तिचं जग उरलं. पायरीशी एक वेताची खुर्ची होती. तिथे बसून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहायची.

रंगाऱ्याला ते बघवेना.

"थांब तू," तो म्हणाला, "या चोवीस फुटांचे तुला दोनशे फूट करून दाखवतो."

"म्हणजे शेजाऱ्यांची जागा हडपणार की काय?" ती हसत म्हणाली.

तो कामाला लागला. सरळ वाट काढून त्याने वळणाची केली, म्हणजे टोक एकदम दिसायला नको. दोन्ही कडांना उभ्या विटा लावलेली ती वाट पायरीशी तीन फूट रुंद, आणि पुढे पुढे निमुळती होत माझ्यापाशी जेमतेम दीड. जवळ थोराड पानांची झाडं आणि तांबडी फुलं, पलीकडच्या टोकाला बारीक पानांची, निळसर फुलांची. कुंड्यासुद्धा मोठ्या आधी, लहान मागे. दोन्ही बाजूंच्या भिंती वेलींनी झाकल्या. कड दिसली नाही की नजर थांबत नाही, असं तो सांगायचा.

मग माझी पाळी आली. लहान वस्तू लांब वाटते, म्हणून त्याने मला करवतीने कापलं. वरून, खालून, बाजूंनी. आता माझ्यातून माणूस ताठ मानेने जाऊच शकला नसता. वर फिकट निळा रंग दिला आणि एका कडेला उजेडाची बारीक पिवळी रेघ ओढली. मी किंचित उघडा आहे आणि पलीकडे ऊन पडलंय, असं वाटावं म्हणून.

ती पहिल्यांदा खुर्चीत येऊन बसली तो दिवस मला आठवतो. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे तर लांब गेलं की हो!"

रंगाऱ्याने ओठ घट्ट मिटले आणि ब्रश पुसायला घेतला. डोळे भरले की तो काहीतरी पुसायला घ्यायचा. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही कापल्याचं दुःख उरलं नाही.

येणारे-जाणारे तोंडभर कौतुक करायचे आणि रंगारी खुलायचा. आज ही कुंडी चार बोटं मागे, उद्या ती फांदी छाट, असं त्याचं रोज काहीतरी चालू असायचं.

एकदा लेक आली ती चाकाची खुर्ची घेऊनच. "बाबा, आईला बाजारात नेत जा. वाटेत तिची कितीतरी माणसं भेटतील."

"नेईन ना. पावसाळा सरू दे."

पावसाळा सरला. "अहो, एकदा माझ्या टपालाच्या जुन्या रस्त्याने नेता का?" तिने विचारलं. तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्याचं थोडं काम राहिलंय. ते झालं की तुला बाहेर जावंसं वाटणारच नाही बघ."

चाकाची खुर्ची जिन्याखाली घडी होऊन पडून राहिली.

लेकीने पुढच्या खेपेला त्याला बागेतच गाठलं. "बाबा, आईला बाग मोठी नकोय. तिला रस्ता हवाय."

रंगारी खाली बघत म्हणाला, "अगं, जी बाई अख्ख्या वस्तीत ताठ चालली, तिला मी ढकलत नेऊ? लोक हळहळतील. तिला सोसेल का ते?"

"तिला की तुम्हाला?"

त्याने झारी उचलली आणि पाणी घालायला लागला.

त्याला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. तो बाहेर गेला की ती वॉकर घेऊन माझ्या दिशेने निघायची. सात पावलं नीट यायची. मग वाट निमुळती व्हायची, वॉकरचे पाय दोन्हीकडच्या विटांना घासायचे आणि अडकायचे. ती जोर लावायची, मग हळूच मागे फिरायची. रंगाऱ्याला कधी बोलली नाही. त्याने केवढ्या हौसेने केलंय, हिरमुसेल, एवढंच तिच्या मनात असणार.

फक्त एकदा तिने वॉकर तिथेच सोडला. वेलींना धरत धरत उरलेली पावलं टाकली आणि माझ्यापर्यंत पोचली. धाप लागली होती. पदराने कपाळ पुसून तिने माझ्यावर दोनदा टकटक केलं आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "टपाल!"

स्वतःशीच हसली. पण हसून झाल्यावर लगेच वळली नाही. थोडा वेळ थांबली, दारात थांबतात तशी. शंभरदा उघडणारा मी, त्या दिवशी एकदाही उघडू शकलो नाही.

त्याच हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला आणि पंधरा दिवसांत ती गेली.

घरात जागा पुरेना इतकी माणसं आली. बरीचशी बागेत उभी होती. काठी टेकत आलेले एक मास्तर रंगाऱ्याला म्हणाले, "आम्हाला वाटलं, निवृत्त झाल्यावर बाई गाव सोडून गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे होत्या? आम्ही रोज येऊन बसलो असतो हो!" मग एकाने बागेकडे बघून म्हटलं, "किती मोठी दिसते ना बाग!" रंगारी उठून आत गेला.

महिन्याभराने तिचा वॉकर कुणाला तरी द्यावा म्हणून धुवायला तो बाहेर घेऊन आला. धुऊन झाल्यावर सहज ढकलत वाटेवर आणला. सातव्या पावलाला वॉकर अडकला. त्याने वाकून बघितलं. दोन्हीकडच्या विटांवर वॉकर घासल्याच्या पांढुरक्या रेघा होत्या. एक-दोन नव्हेत, एकावर एक, कितीतरी. तो तिथेच विटांवर बसला आणि त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. पुसायला त्याने काही घेतलं नाही.

आता तो वाट साफ करत नाही, झाडं छाटत नाही. वेली वाढून माझ्या अंगावर आल्यात, तो पिवळा उजेड केव्हाच उडालाय. बाग आता आहे तेवढीच दिसते. दुपारी मात्र रंगारी घरात नसतो. "मास्तरांना त्या खुर्चीतून बाजारात नेऊन आणतो," असं तो लेकीला सांगत होता. "लोक थांबवून बोलतात गं. हळहळत नाहीत कुणी."

माझ्या खालच्या फळीला बुरशी धरलीय. लेक म्हणते, नवा रंग देऊ. नको, बाई. आणि ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असेल, तर त्याच्यासाठी माझ्यासारखं काही रंगवण्याआधी त्याला एवढंच विचारा, कुठे जायचंय? आणि उत्तर आलं की पावसाळा सरायची वाट बघू नका. छत्री घ्या.